योगीच्या गळ्यातला टाय

कार्टूनमधल्या योगी अस्वलाच्या अंगावर कपडे नाहीत. डोक्यावर हॅट, गळ्याशी पांढरी कॉलर आणि तिला लटकलेला हिरवा टाय, एवढाच त्याचा पोशाख. जेलीस्टोनच्या जंगलात सहलीला आलेल्यांच्या डब्यांवर डोळा ठेवून फिरणाऱ्या अस्वलाला टाय कशाला हवा? याचं उत्तर हिशेबाच्या वहीत सापडतं.

१९५७ मध्ये एमजीएमने आपला कार्टून विभाग बंद केला आणि ‘टॉम अँड जेरी’ करणारे आणि पुढे योगीला जन्म देणारे विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा टीव्हीकडे वळले. टीव्हीवाले जे पैसे देत होते ते सिनेमाच्या कार्टूनला लागणाऱ्या पैशांच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे सात मिनिटांच्या कार्टूनला पाच हजारांच्या वर. हे परवडणं शक्यच नव्हतं. मग धड एका सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यावर, एकदाच काढायचं, डोकं दुसऱ्या सेलवर ठेवायचं आणि पात्र बोलत असताना फक्त डोकं किंवा नुसतं तोंड बदलायचं, अशी युक्ती निघाली. अडचण एकच. मान धडाला जिथे मिळते तिथला सांधा दिसतो, रंगाची छटा जराशी इकडेतिकडे झाली तरी दिसतो. तो झाकायला कॉलर आली. योगीचा टाय, बू-बूचा बो, हकलबेरी हाउंडचा बो, सगळे त्या एका सांध्यावरचे पडदे आहेत.

२०१० मध्ये योगीचा सिनेमा आला. त्यातलं अस्वल संगणकावर उभं केलेलं, अंगावरचा केस न् केस सुटा, मानेत सांधा असण्याचा प्रश्नच नाही. टाय मात्र जागच्या जागी आहे. तो काढला असता तर पडद्यावर एक तपकिरी अस्वल उरलं असतं, योगी उरला नसता.

जुन्या कार्टूनचा रिबूट, म्हणजे नवा अवतार, करायला बसलेल्या माणसाचं पहिलं काम हेच आहे, असं मला वाटतं. मूळ मालिकेतली कुठली गोष्ट नाइलाजाने आली होती आणि त्या नाइलाजातली कुठली पुढे पात्राच्या स्वभावात मुरली, हे ओळखायचं. टाय मुरला. ‘द फ्लिन्टस्टोन्स’ या कार्टूनमधला फ्रेड पळत असताना मागून तीच खिडकी आणि तेच झाड पुन्हा पुन्हा सरकतं, ती काटकसर मुरली नाही. नव्या कार्टूनमध्ये ती आलीच तर जुन्याची गंमत करायला येते. डबाबंद हशा, म्हणजे आधीच मुद्रित करून विनोदांवर चिकटवलेलं हसू, तर गेला ते बरंच झालं. पण ही निवड आधी न करता नुसतं ‘मूळासारखं दिसलं पाहिजे’ म्हणून सुरुवात केली की काय होतं, याचे भरपूर पुरावे आहेत.

सगळ्यात मोठा पुरावा ‘टॉम अँड जेरी’चा. तेच मांजर, तोच उंदीर आणि दर वेळी वेगळे हात. हॅना-बार्बेरांनी १९४० ते १९५८ या काळात एमजीएमसाठी ११४ लघुपट केले आणि सात ऑस्कर मिळवले. पुढे १९६१-६२ मध्ये जीन डाइच यांनी प्रागमध्ये बसून १३ केले. त्यानंतर १९६३ ते १९६७ मध्ये चक जोन्स यांनी ३४ केले. १९७५ मध्ये खुद्द हॅना-बार्बेरांच्याच कंपनीने टीव्हीसाठी नवी मालिका काढली. एकाच जोडीचे हे चार अवतार ओळीने पाहिले की मूळाचा मान कुठे राखला गेला आणि कुठे नाही, ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

डाइच यांच्याकडे पैसा कमी होता आणि प्रागमधल्या त्यांच्या चमूचा मूळ लघुपटांशी परिचयही तुटपुंजा होता. टॉम ओळखू येण्याइतका बरोबर काढलेला आहे. पण आवाज विहिरीतून आल्यासारखे घुमतात, संगीत हालचालीला चिकटत नाही, आणि टॉमला एक जाडजूड, लालबुंद होऊन खेकसणारा मालक दिला आहे. मालक मारतो तेव्हा टॉमला खरंच लागतं. मूळ लघुपटांत मार याच्या दसपट आहे, पण त्याचा एक हिशेब आहे. टॉम चपटा होतो, ते चपटेपण दोन-तीन फ्रेम टिकतं, मग तो स्प्रिंगसारखा उसळून भरतो आणि पुढच्या शॉटमध्ये ओरखडासुद्धा नसतो. दुखणं शरीरावर दिसतं, मनात साठत नाही. मालकाच्या चेहऱ्यावरचा राग मात्र सेकंदच्या सेकंद टिकून राहतो आणि मग हसू येत नाही, कीव येते. (या १३ लघुपटांचे चाहतेही आहेत, त्यातलं विचित्र, झोपेत पाहिल्यासारखं वातावरण त्यांना आवडतं. ते समजू शकतं. पण ती आवड टॉम-जेरीची नव्हे.)

चक जोन्स थोर माणूस, यात वाद नाही. पण ते वाट पाहणारे दिग्दर्शक. त्यांचा विनोद धडकेनंतरच्या चेहऱ्यात असतो. त्यांनी टॉमच्या भुवया दाट केल्या, गाल फुगवले, एक छद्मी हसू दिलं. चित्रं देखणी झाली आणि पाठलाग मंदावला. आणि १९७५ च्या मालिकेबद्दल काय लिहावं? शनिवार सकाळच्या मुलांच्या टीव्हीवर तेव्हा मारामारीला जागा नव्हती, म्हणून टॉम आणि जेरी मित्र झाले. जेरीच्या गळ्यात लाल बो आला. ज्यांनी ही जोडी जन्माला घातली त्यांच्याच कंपनीकडून, त्यांच्याच नावाखाली, तिचा प्राण काढून घेतला गेला. मूळ कर्ता सोबत असला की मान आपोआप राखला जातो, हा समज इथे मोडतो.

म्हणून मॉडेल शीट, म्हणजे पात्र पुढून, बाजूने, पाठीमागून कसं दिसतं त्याचा तक्ता, हे रिबूटचं पहिलं पान धरलं की पाया चुकतो. पहिलं पान एक्सपोजर शीटचं, म्हणजे कुठलं चित्र किती फ्रेम टिकतं त्याच्या तक्त्याचं हवं. मूळ मालिकेतले आठ-दहा उत्तम भाग घ्यायचे आणि फ्रेम मोजायच्या. पात्र कड्याच्या पुढे हवेत थांबतं ते किती फ्रेम? बारा-सोळा फ्रेमांचा थांबा असेल तर प्रेक्षकाला ‘आता पडणार’ हे कळायला अर्धा सेकंद मिळतो. तोच सहा फ्रेमांवर आणला तर विनोद वाचताच येत नाही आणि तीस फ्रेमांवर नेला तर शिळा होतो. धडकेच्या वेळी चपटी आकृती किती फ्रेम राहते? उसळून परत येताना मूळ आकारापेक्षा किती पुढे जाते? झांजेचा ठोका धडकेच्या फ्रेमवर आहे की एक फ्रेम आधी? मूळ लघुपटांत हॅना टायमिंग बार शीटवर, म्हणजे संगीताच्या मात्रांच्या कागदावर बसवत आणि स्कॉट ब्रॅडली त्यावर पावलागणिक संगीत रचत. त्यामुळे टॉमची चोरपावलं आणि वाद्य एकाच श्वासात चालतात. आज टीव्हीच्या मालिकेत बहुतेक वेळा ॲनिमॅटिकला, म्हणजे कच्ची चित्रं वेळेनुसार जोडून केलेल्या फिल्मला, तात्पुरतं संगीत लावतात, चित्र पक्कं होतं आणि मग साठ्यातले तुकडे कापून बसवले जातात. ठोका एक-दोन फ्रेम उशिरा पडतो. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, तो फक्त म्हणतो, ‘पूर्वीसारखी मजा नाही.’

मोजणी कुठल्या प्रतीवरून करतो आहोत हेही बघावं लागतं. आपल्याकडच्या टीव्हीची जुनी पद्धत पाल, सेकंदाला २५ फ्रेमांची. सिनेमासाठी २४ फ्रेमांवर केलेलं कार्टून तिथे थेट चढवलं की ते सुमारे चार टक्के वेगाने धावतं आणि आवाजही जरासा चढतो. सात मिनिटांतले सोळा-सतरा सेकंद असेच गायब. अशा टेपवरून टायमिंग शिकलेला नवखा ॲनिमेटर सगळंच थोडं घाईत करतो.

दुसरा खड्डा सॉफ्टवेअरचा. आता बरीच टूडी कार्टून रिगवर चालतात. पात्राचे हात, पाय, डोळे सुटे भाग म्हणून जोडलेले, दोन पोज द्यायच्या आणि मधली हालचाल संगणकाने भरायची. संगणक ती अगदी समान भरतो. चालण्या-बोलण्याला ते चालून जातं, पण हातोडा समान वेगाने खाली आला तर तो हातोडा राहत नाही. तो वरती रेंगाळला पाहिजे आणि शेवटच्या दोन फ्रेमांत कोसळला पाहिजे. उपाय साधा आहे आणि वेळखाऊ आहे. धडकेच्या शॉटमध्ये संगणकाची भरणी बंद करायची, पोजवरून पोजवर सरळ उडी घ्यायची, मध्ये हाताने काढलेलं एखादं फराटलेलं चित्र घालायचं. एका फ्रेमचं ते चित्र कुणाच्या लक्षात राहत नाही आणि नसलं तर सगळ्यांना खटकतं.

२०२० मध्ये आलेल्या ‘लूनी ट्यून्स कार्टून्स’मध्ये पीट ब्राउनगार्ट यांनी हे नेमकं ओळखलं. पटकथा टाइप करून मंजूर करून घ्यायची टीव्हीची रीत सोडून चित्रकारांनी थेट स्टोरीबोर्डवर, म्हणजे प्रसंगांच्या चित्रपट्टीवर विनोद काढायचे, जसे १९४० च्या दशकात काढत. बग्स बनीच्या मागे लागणाऱ्या शिकारी एल्मर फडच्या हातातली बंदूक सुरुवातीला काढली गेली आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. मला ती चर्चा दुय्यम वाटते. बंदुकीऐवजी कोयता आला, डायनामाइट राहिला, आणि बग्स बनी पुन्हा पूर्वीसारखा निर्लज्ज, वेगवान झाला, कारण काम करायची पद्धत परत आली होती.

आता वेगळ्या जातीचं उदाहरण, जिथे मूळ मालिकेची चूक दुरुस्त करून तिचा मान राखला गेला. १९८७ च्या ‘डकटेल्स’मध्ये ह्यूई, ड्यूई आणि लुई या तिघा बदक-भावांत फरक टोपी-सदऱ्याच्या रंगाचा: लाल, निळा, हिरवा. तिघांनाही आवाज रुसी टेलर यांचाच, आणि त्यांची मैत्रीण वेबी हिलाही त्यांचाच. ही कसरत म्हणून अफाट आहे, पण कथेच्या दृष्टीने तीन मुलगे म्हणजे एकच मुलगा तीनदा. २०१७ मध्ये मॅट यंगबर्ग आणि फ्रान्सिस्को अँगोनेस यांनी रंग तेच ठेवले आणि बाकी सगळं मोडलं. तिघांचे कपडे वेगळे, केस वेगळे, तीन वेगळे अभिनेते. एक नियमावर बोट ठेवणारा, एक उतावीळ, एक आळशी आणि बेरकी. शोभेपुरती असलेली वेबी साहसात सगळ्यांच्या पुढे धावायला लागली. ज्यांच्या आईचा मूळ मालिकेत विषयच निघत नसे, त्या मुलांची आई डेला हा मालिकेचा कणा बनला.

हे नुसतं खपून गेलं नाही, लोकांनी ते मनापासून स्वीकारलं. कारण ही मंडळी १९८७ च्याही मागे गेली होती. अंकल स्क्रूज जन्मला १९४७ मध्ये, कार्ल बार्क्स यांच्या कॉमिकमध्ये. पहिल्या मालिकेत त्याचा कोट निळा होता. नव्या मालिकेत कॉमिकमधला लाल आला. पार्श्वभूमीवर जुन्या छपाईतले बारीक ठिपके आले, सावल्या शाईसारख्या काळ्या झाल्या. मार्क म्यूलर यांचं शीर्षकगीत शब्द-चालीसकट ठेवलं, फक्त गायलं नव्या गायिकेने, फेलिशिया बार्टनने, आणि दृश्यात सगळी पात्रं कॉमिकच्या चौकटीतून चौकटीत उड्या मारू लागली. सगळ्यात हुशार चोरी वेगळीच आहे. १९८९ मध्ये कॅपकॉमने डकटेल्सचा व्हिडिओ गेम काढला होता, त्यातल्या चंद्रावरच्या टप्प्याची धून खेळणाऱ्यांच्या डोक्यात घर करून बसली होती. नव्या मालिकेत ती डेलाची अंगाई झाली. चंद्रावर अडकलेल्या आईची अंगाई! ज्याने गेम खेळला नाही त्याला ते नुसतं गोड गाणं वाटतं, त्याचं काहीच अडत नाही. जुनी आठवण पेरायची असेल तर अशी पेरावी. जिथे दर पाच मिनिटांनी एखादं जुनं पात्र केवळ ओळख दाखवायला डोकावून जातं, तिथे नवा प्रेक्षक बाहेर उभा राहतो आणि जुन्याला चार टाळ्यांपलीकडे काही मिळत नाही.

आवाजाचा प्रश्न मात्र सगळ्यात नाजूक. चित्र म्हातारं होत नाही, गळा होतो. फ्रँक वेल्कर १९६९ पासून स्कूबी-डूमधल्या फ्रेडचा आवाज देत आले आहेत, हा अपवाद. ‘सामुराय जॅक’ २०१७ मध्ये परत आला तोवर त्यातल्या खलनायक आकूचा आवाज असलेले माको हयात नव्हते. ग्रेग बाल्डविन यांनी ती गुरगुर पुढे नेली. ‘एक्स-मेन ९७’ने २०२४ मध्ये शक्य तितके जुने कलाकार परत बोलावले, कॅल डॉड, लेनोर झॅन, जॉर्ज बुझा, आणि मालिका जिथे थांबली होती तिथूनच उचलली. ‘टॉम अँड जेरी’च्या २०२१ च्या सिनेमात तर टॉमच्या किंकाळ्यांसाठी हॅनांची जुनी ध्वनिमुद्रणंच वापरली, टॉम ओरडायचा तो पहिल्यापासून हॅनांच्याच गळ्यातून. याच्या उलट २०१६ ची ‘पॉवरपफ गर्ल्स’. जाड काळी रेघ, बशीएवढे डोळे, रंग, सगळं होतं. तिन्ही मुलींचे मूळ आवाज मात्र बदलले, कर्ते क्रेग मॅक्क्रॅकन त्यात नव्हते, महापौरांची सेक्रेटरी मिस बेलम गायब झाली. दिसायला सगळ्यात जवळचा रिबूट, आणि ऐकायला परका.

इथे मुंबईत बसून विचार करताना गोष्ट आणखी गुंतते. आपल्या पिढ्यांनी ही कार्टून जशी पाहिली, त्यातलं मूळ कुठलं? रविवारी दूरदर्शनवर डकटेल्स लागायचं ते हिंदीत, हिंदी शीर्षकगीतासकट. मार्क म्यूलरचं गाणं जपलं म्हणून अमेरिकेत डोळे पाणावले. दादर-डोंबिवलीच्या चाळिशीतल्या माणसाच्या कानात ते गाणंच नाही. त्याचं मूळ म्हणजे डब.

‘जंगल बुक’ हे याचं सर्वांत नाट्यमय उदाहरण. निप्पॉन ॲनिमेशनची ५२ भागांची जपानी मालिका, १९८९ ची. दूरदर्शनवर १९९३ मध्ये आली तेव्हा तिला गुलजार यांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांचं संगीत असलेलं गाणं इथे मिळालं, आणि शेरखानला आवाज मिळाला नाना पाटेकरांचा. पुढे २०१६ मध्ये डिस्नेने जॉन फॅवरोच्या दिग्दर्शनाखाली ‘जंगल बुक’ नव्याने केला. त्या सिनेमाचा जपानी मालिकेशी काडीचा संबंध नव्हता. तो डिस्नेच्याच १९६७ च्या कार्टूनचा वारस. पण हिंदी आवृत्तीत शेरखानसाठी पुन्हा नाना पाटेकर आले, आणि प्रसिद्धीसाठी तेच चड्डीतल्या फुलाचं गाणं त्याच गीतकार-संगीतकाराकडून नव्याने करून घेतलं. एका अमेरिकी कंपनीने आपल्या सिनेमात दुसऱ्याच कंपनीच्या मालिकेच्या दूरदर्शनी अवताराला नमस्कार केला. इथल्या प्रेक्षकाचं मूळ कुठे आहे हे कुणीतरी नीट ओळखलं होतं.

असं नेहमी घडत नाही, आणि त्याची कारणं अंधेरी-वर्सोव्याच्या डबिंग स्टुडिओंत रोज दिसतात. परदेशी मालिका येते तेव्हा चित्रासोबत एम अँड ई ट्रॅक येतो, म्हणजे संवाद वगळून फक्त संगीत आणि आवाज. सोबत टाइमकोड घातलेली संवादांची यादी. भाषांतरकार तोंडाच्या उघडझापेवर अक्षरं मोजून वाक्य बसवतो. ओठ मिटणाऱ्या जागी प, ब, म आलं तर उत्तम. कलाकार एकेकटे येतात, हेडफोन लावून तुकड्या-तुकड्याने बोलतात. समोरच्या पात्राचा हिंदी संवाद अजून झालेलाच नसतो, त्यामुळे भांडणाच्या दृश्यात दोघांची पट्टी जुळवणं हे डबिंग दिग्दर्शकाचं काम. जुन्या मालिकेचा रिबूट येतो तेव्हा या दिग्दर्शकाकडे पूर्वीच्या हिंदी डबचा संदर्भ द्यायला हवा: कुठल्या पात्राचं नाव काय केलं होतं, तकियाकलाम काय होता, कोण कुणाला ‘तू’ म्हणायचं. बहुतेकदा तो नसतो. जुना डब दुसऱ्या वाहिनीने केलेला, करार संपलेला, टेप कुठे गेल्या ते कुणाला ठाऊक नाही. मग नवा डब मूळ इंग्रजीशी प्रामाणिक राहतो आणि इथल्या माणसाला तोच खोटा वाटतो. गाण्याचं तर त्याहून अवघड. शीर्षकगीत भाषांतरित करायला परवानगी वेगळी, चाल बदलायला वेगळी. म्हणून पुष्कळदा गाणं इंग्रजीतच सोडून दिलं जातं.

डोरेमॉनच्या बाबतीत उलटं घडलं. जपानमध्ये २००५ च्या नव्या मालिकेत सगळे आवाज एकदम बदलले. २६ वर्षं डोरेमॉन असलेल्या नोबुयो ओयामा बाजूला झाल्या आणि वासाबी मिझुता आल्या. तिथल्या प्रेक्षकांसाठी तो मोठा धक्का होता. आपल्याकडे मात्र त्या सुमारास डोरेमॉन नुकताच पोहोचत होता आणि सोनल कौशल यांचा हिंदी आवाजच मुलांना डोरेमॉनचा आवाज वाटत राहिला. जपानचं दुःख इथवर आलंच नाही.

रिबूट न करता नुसती जुनी प्रत चकचकीत करून आणली तरी हा पेच सुटत नाही. युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन यांचा ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ जानेवारी २०२५ मध्ये फोरकेमध्ये आपल्या चित्रपटगृहांत लागला. चित्र कधी नव्हे इतकं स्वच्छ. पण हिंदी डब नवा. ज्यांनी तो टीव्हीवर अमरीश पुरींच्या रावणासह आणि अरुण गोविलांच्या रामासह पाहिला होता, त्यांच्यासाठी डोळ्यांना मिळालं ते कानांनी गमावलं. सेलवरचा प्रत्येक फटकारा जपणारी मंडळी आवाजाला बदलण्याजोगं आवरण समजतात, हे मला पटत नाही. रुंद पडद्याचा मोह त्याच पंगतीतला. ४:३ चं चित्र १६:९ मध्ये भरायला उंचीचा चौथा हिस्सा कापावा लागतो. जुन्या कार्टूनमध्ये पाय आणि टोपी तिथेच असतात.

मराठीत कार्टूनचा असा रिबूट अजून झालेला नाही, पण जवळची एक गोष्ट झाली आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दूरदर्शनवर सुमीत राघवनच्या रूपात आला होता. २०१७ च्या सिनेमात तो अमेय वाघ झाला, वयाने वाढला, पुण्यातल्या परीक्षा-घोटाळ्यात सापडला. सदरा बदलला, सायकल मागे पडली, पण जिभेचा तो ‘ट्टॉक्’ राहिला. शिवाय खुद्द भागवतांनाच पात्र करून दिलीप प्रभावळकरांना उभं केलं. एक आवाज आणि एक म्हातारा, तेवढ्यावर जुना वाचक नव्या कथेत शिरला.

मुंबईच्या स्टुडिओंना हे काम येत नाही असं मुळीच नाही. निन्जा हातोरीची नवी मालिका २०१२-१३ च्या सुमारास जपानच्या शिन-एई आणि इथल्या रिलायन्स मीडियावर्क्सने मिळून केली. ‘लोटपोट’ या नियतकालिकातले मोटू-पतलू कॉसमॉस-मायाने २०१२ मध्ये सुहास कडव यांच्या दिग्दर्शनाखाली थ्रीडीत आणले. कागदावरची सपाट जोडी गोल झाली, पण एक फुगीर, एक सडपातळ ही बाह्यरेषा सावलीतसुद्धा ओळखू येईल अशी राखली. अडतं ते वेळेशी. रोजच्या वाहिनीला भाग इतक्या झपाट्याने लागतात की एक्सपोजर शीट मोजत बसायला सवड नसते.

एखाद्या देशी जुन्या कार्टूनला हात घालायचाच झाला तर माझ्या डोळ्यांसमोर पेडर रोडच्या फिल्म्स डिव्हिजनच्या काळातली ‘एक, अनेक और एकता’ येते. १९७४ ची. विजया मुळे यांची कल्पना, भीमसैन यांचं ॲनिमेशन, वसंत देसाई यांचं संगीत आणि त्यात लहानग्या साधना सरगमचा गळा. पाखरं, पारधी, जाळं, उंदीर, पंचतंत्रातली गोष्ट, सगळं मिळून सात मिनिटांच्या आसपास.

तिचं काय करावं? आधी चांगल्यातल्या चांगल्या फिल्म प्रतीवरून स्कॅन, आणि साफसफाई करताना हात आखडता. प्रतीवरचे ओरखडे काढायचे. सेल एकावर एक ठेवताना पडलेली धूळ आणि रंगाची थरथर तशीच ठेवायची, कारण स्वयंचलित सफाई धूळ समजून पाखराचा डोळासुद्धा पुसते. ध्वनी एकाच मोनो पट्ट्यात आहे. बोलणं, गाणं, वाद्यं एकत्र. ती संगणकाने सुटी करून पाहता येतात, पण ‘स’ आणि ‘श’ फुसफुसतात आणि मुलांच्या कोरसचं पाणी होतं. म्हणून हात लावू नये, समोरच्या मधल्या स्पीकरमधून जशाचा तसा वाजू द्यावा. मग त्या ध्वनीला धरून चित्र नव्याने काढायचं असेल तर खुशाल काढावं, फ्रेमला फ्रेम जुळवून. पात्रांची तोंडं मुळात मोजकीच हलतात. ओठ जुळवायला जाऊ नये. थ्रीडी तर नकोच. त्या सपाट रेघेतली पोरं कुठल्याही गावची वाटतात. त्यांना पोत आणि सावल्या दिल्या की कपड्यांवरून, केसांवरून त्यांची शाळा ओळखू यायला लागेल.

आणि लांबी. आजचा टीव्हीचा साचा अकरा मिनिटांचा असतो, म्हणजे कुणीतरी चार मिनिटं वाढवायला सांगणारच. ती चार मिनिटं कुठे जातील हे आत्ताच सांगता येतं: पारध्याला एक मूर्ख मदतनीस मिळेल, उंदरांच्या सरदाराला एक गाणं मिळेल, आणि गोष्ट सांगणारी दीदी शेवटी तिचा अर्थ दोनदा सांगेल.